मास्तरांची डबल बेल

आमच्या मास्तरांनी जन्मात कोणाला अ-आ-इ-ई शिकवलं नाही. त्या बाई होत्या, साठी ओलांडलेल्या, अंगाने थोराड, आणि बावीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती. नवरा डेपोत मेकॅनिक होता, तो गेल्यावर त्याच्या जागी या लागल्या. खेड्यापाड्यांत कंडक्टरला मास्तर म्हणतात. निफाडपासून सुरगाण्यापर्यंत सगळ्यांनी त्यांना मास्तर म्हणूनच हाक मारली, आणि रिटायर झाल्यावर ती हाक त्या घरी घेऊन आल्या. मी इंदिरानगरला त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घ्यायला गेले, तेव्हा सवयीने "काकू" म्हणाले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काकू तुझ्या गावाला. इथं मास्तर म्हनायचं. खोली वर हाय, चपला खाली काढायच्या. आन् कामाला जाताना उशीर करायचा नाय."

उशीर मला व्हायचा, कामावर मी जाणार, ओरडा माझा साहेब मला देणार. यांचं काय जात होतं? पण तीन वर्षं त्या घरात राहिले आणि एकदाही मला कंपनीत उशीर झाला नाही, त्याचं कारण म्हणजे दोरी.

त्यांच्या स्वयंपाकघरातून एक सुती दोरी निघायची, ती जिन्यातून वर जाऊन माझ्या दारावरच्या पितळी घंटीला बांधलेली. जुन्या एसटीत असायची तशीच. एक टोल म्हणजे थांब आणि दोन टोल म्हणजे नीघ. सगळ्या घराचा कारभार त्या दोनच शब्दांवर चालायचा. नळ सोडून मी केस विंचरत बसले की, टण्. नळ बंद. सव्वाआठ वाजले आणि मी अजून आरशासमोरच असले की, टण् टण्. मग एका हातात डबा नि एका हातात ओढणी धरून मी जिना उतरायची. पाहुणे फार वेळ बसले तरी त्या हाच उपाय करत. समोरच्याला कळायचं नाही घंटा कसली वाजली, पण "चला, निघतो आता" असं तो आपोआप म्हणायचा. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन पार्किंगवर पाऊण तास बोलले, तेव्हा मास्तर शांतपणे घरी गेल्या, हातात घंटी घेऊन आल्या आणि त्यांच्या कानाशी दोनदा वाजवली. चेअरमन आजही त्यांच्याशी बोलत नाहीत. मास्तरांना त्याचं काही नाही. "गाडी वेळेत सुटली ना? मंग झालं."

दुसरी खोड म्हणजे त्या कायम उलट्या बसायच्या. रिक्षात बसल्या तरी पुढे ड्रायव्हरशेजारी, तोंड आमच्याकडे. "बावीस वर्षं तोंड पॅसेंजरकडं ठेवलंय. पुढं बगून बसले की मळमळतं." त्यामुळे नाशिक त्यांनी पाहिलं होतं ते सगळं मागे पळणारं. कुठलंही ठिकाण त्यांना जाताना दिसायचं, येताना नाही.

आणि तिसरी खोड सगळ्यांत वाईट. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. चांगुलपणामुळे नव्हे हो, सवयच नव्हती. एकदा मी कंपनीत तापाचं कारण सांगून घरी राहिले. माझं काम तपासणीचं, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या. त्या दिवशी नेमका आमचा सुपरवायझर इंदिरानगरला कामाला आला आणि माझी चौकशी करायला खाली थांबला. मी वरून ऐकतेय.

"ताप?" मास्तर म्हणाल्या. "नाय बा. सकाळधरनं बटाटेवडे तळतीय. तुमाला पन देऊ का?"

सुपरवायझरने वडा खाल्ला आणि माझी रजा पण खाल्ली. मी दोन दिवस मास्तरांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "मला आदी सांगायचं ना काय बोलायचं ते." मी म्हटलं, सांगितलं असतं तर तुम्ही बोलला असतात का? त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, "नाय."

त्यांच्या नोकरीतल्या गोष्टी त्या स्वतः फार सांगत नसत. सांगायचा तो त्यांचा जुना ड्रायव्हर. तोही रिटायर, पण हाताला चैन नाही म्हणून एक टेम्पो ट्रॅव्हलर चालवायचा. पेठ रोडची गोष्ट तो हमखास सांगायचा. एकदा सुरगाण्याच्या गाडीत एका आदिवासी बाईच्या टोपलीतला कोंबडा खिडकीतून बाहेर उडाला. बाई कोंबड्यामागे उतरली. गाडी भरलेली, उन्हाची वेळ, लोक ओरडायला लागले की चला, कोंबड्यापायी काय थांबता. मास्तरांनी बेल दिली नाही. अख्खी गाडी खाली उतरवली, वीस माणसांचं कडं केलं आणि कोंबडा धरला.

"मी म्हनलो, मास्तर, कोंबड्यासाठी पाऊन तास? तर म्हनल्या, लगेजचं तिकीट फाडलंय त्याचं. तो पॅसेंजर हाय."

यावर मास्तर फक्त एवढंच म्हणायच्या, "बावीस वर्षांत एक मानूस मागं सोडला नाय आपन." हे वाक्य म्हणताना त्या पदर खांद्यावर नीट घ्यायच्या. दागिने त्या घालत नसत, पण या वाक्याची त्यांना मिरवायची हौस होती. बाकी कशाचीही चेष्टा केली तर चालायची, याची नाही.

तर दर दिवाळीत, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी मास्तर आमच्या सोसायटीच्या तिन्ही बिल्डिंगमधल्या पाहुण्यांना नाशिक दर्शनाला न्यायच्या. गाडी त्या ड्रायव्हरची, सतरा सीटची, आणि त्यात पुढच्या दांडीला मास्तरांनी घरून आणून बांधलेली दोरी आणि घंटी. ट्रॅव्हलरला घंटीची गरज काय, असं कोणी विचारलं की ड्रायव्हर म्हणायचा, "मला लागती."

दर्शन म्हणजे काय, तर मास्तर दाराशी उलट्या उभ्या राहून माहिती द्यायच्या. ती माहिती कुठल्याही पुस्तकात नाही. "ही पांडवलेणी. पायऱ्या लय हायेत. अर्धा तास गाडी थांबल, एकतिसाव्या मिनिटाला नाय. गुडगे ज्याचे त्यानं सांबाळायचे." "ही द्वारका. हितं ट्रॅफिक आडकतं, ज्याला डबा खायचा त्यानं खाऊन घ्या." कुठे कोण काय विसरतं ते त्यांना पाठ होतं. "रामकुंडावर उतरनारा छत्री विसरतो. त्र्यंबकला उतरनारा चप्पल. कॉलेज रोडला उतरनारा काय बी विसरत नाय, त्याच्याकडं मोबाइलशिवाय काय नसतंच." एका पाहुण्याने विचारलं, लेण्यांत वर काय आहे हो? मास्तर म्हणाल्या, "मला काय म्हाईत? मी खाली गाडीपाशी असते."

माझी आई त्या वर्षी पहिल्यांदा नाशिकला आली. हिंगोलीहून, एकटी. बाबा म्हणाले, "दिवाळीत घराला कुलूप नको," आणि घरीच राहिले. आई आल्याचा मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू, आणि तिसऱ्या दिवशी थोडा वैताग पण आला होता. ती हळू चालते. बघेल त्याच्याशी बोलते. मी चार दिवसांची यादीच केली होती, कुठे जायचं, काय खायचं, कुठे फोटो काढायचा. आईला काय बघायचंय हे त्या यादीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

दर्शनाच्या दिवशी पांडवलेणीवरून उतरून आम्ही रामकुंडाकडे निघालो, तेव्हा आईने मागच्या सीटवरून मला विचारलं, "इथं तांब्याची भांडी चांगली मिळतात म्हणतात ना गं? बाजार लांब आहे का?"

"आई, घरात भांड्यांची काय कमी आहे का? माळ्यावर हंडे पडलेत."

"तसं नाही गं..."

"मग कसं? त्यात आणखी ओझं."

आई खिडकीबाहेर बघू लागली. मास्तर नेहमीप्रमाणे तोंड आमच्याकडे करून उभ्या होत्या. 

रामकुंडावर पाऊण तास. दिवाळीची गर्दी ती, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठावर, पाय ठेवायला जागा नव्हती. मी आईला पाण्याशी उभं केलं, "इकडे बघ, हस, पदर नीट घे," करत वीस फोटो काढले. थोडे तिच्या फोनवर काढले, ते नंतर माझ्याकडे घ्यायचे म्हणून तिचा फोन मी माझ्या पर्समध्ये टाकला. मग आई म्हणाली, "तू हो पुढं, मी आलेच." मला वाटलं देवळात जातेय. मी गाडीत जाऊन खिडकीपाशी बसले आणि घरच्या ग्रुपवर टाकायला फोटो निवडायला लागले.

आता पुढचं नीट ऐका. मास्तरांनी डोकी मोजली. सतरा भरली. दुसऱ्या बिल्डिंगमधल्या एका पाहुण्याला रामकुंडावर त्याचा साडू भेटला होता, त्याला "तपोवनापर्यंत सोडतो, चल" म्हणून त्याने आत घेतलं आणि खालच्या स्टुलावर बसवलं. मास्तरांना सांगितलं नाही. तरी मास्तर त्या, सतरा आली म्हणून लगेच बेल देणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मला मुद्दाम विचारलं, "आई बसल्या का गं?"

आई सकाळपासून मागच्या सीटवर जळगावच्या एका मावशींजवळ बसत होती, दोघींची गट्टी जमली होती. मी मान वर केली नाही. "हो, मागे बसलीये," म्हणाले.

टण् टण्. गाडी निघाली.

मी फोटो टाकला. खाली लिहिलं, 'आईसोबत नाशिक दर्शन'. बाबांचा लगेच नमस्काराचा हात आला. आईचा फोटो सगळ्या महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडे पोचला, आणि आई रामकुंडावर राहिली.

तपोवनात गाडी लागली. मास्तर दारात उभ्या राहून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत होत्या. साडूच्या खांद्यावर हात थांबला.

"तुमी कोन?"

"मी साडू."

"कोनाचे साडू?"

त्याने बोट दाखवलं. मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाल्या, "सतरात साडू हाय, तर मंग कोन नाय?"

मी मागे वळून पाहिलं. जळगावच्या मावशी होत्या. त्यांच्या शेजारी आईची शाल होती. आई नव्हती.

मला वाटतं, आयुष्यात एवढी घाबरले नव्हते मी. आईचा फोन माझ्याकडे. तिला माझा नंबर पाठ नाही, सोसायटीचं नाव माहीत नाही, इंदिरानगर एवढंच माहीत, ते पण ती कधीकधी गांधीनगर म्हणते. जळगावच्या मावशी म्हणाल्या, "मला वाटलं तुमच्याजवळ पुढे बसल्या." मी रडायलाच लागले. मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ड्रायव्हर म्हणाला, "फिरवतो गाडी," पण समोर गाड्यांची रांग लागलेली. मास्तरांनी वाट बघितली नाही. गुडघे धरत खाली उतरल्या, एक रिक्षा अडवली, मला आत ढकललं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी, माझ्याकडे तोंड करून बसल्या.

"मास्तर, मीच म्हणाले मागे बसलीये, मी बघितलंच नाही..."

"नंतर रड. आदी सांग, आईचं काय काम राह्यलं व्हतं?"

"कसलं काम?"

"मागं राह्यलेलं मानूस ष्टँडवर हुबं नसतं. त्याचं जितं काम राह्यलं, तितं असतं. मी लोकांना मुतारीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत धुंडून आनलंय. बोल. काय राह्यलं व्हतं तिचं?"

 आईच्या बीपीच्या गोळीचं नाव मला माहीत. तिचा आधार नंबर तोंडपाठ. चष्म्याचा नंबर माहीत. पण तिला काय हवं होतं, ते मला माहीत नव्हतं. मी नुसती मान हलवली.

"सकाळी भांड्यांचं विचारत व्हती तुला," मास्तर म्हणाल्या. "तू वसकन अंगावर आलीस." आणि रिक्षावाल्याला, "भांडी बाजार घे. पुलापाशी सोड, पुढं आमी पायी जातो."

पूल ओलांडून आम्ही त्या गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंना तांब्या-पितळेची दुकानं, मध्ये माणसं, त्यात एक गाढव पण. मास्तर एवढ्या वेगात चालत होत्या की मला धावावं लागत होतं. प्रत्येक दुकानात त्या एकच प्रश्न टाकत होत्या, "बाहेरगावच्या बाई आल्या का, हिरवं लुगडं, लय बोलत्यात?" तिसऱ्या दुकानात माणूस म्हणाला, "लय बोलत्यात म्हणजे पुढच्या दुकानात."

पुढच्या दुकानात आई स्टुलावर बसली होती. हातात चहाचा ग्लास. समोर दुकानदार एका तांब्याच्या तांब्यावर मशीनने नाव घालत होता, टर्रर्र टर्रर्र, आणि आई वाकून वाकून बघत होती.

"आई!"

"आलीस? झाली का गाडीची वेळ? दोनच अक्षरं राहिलीत गं."

म्हणजे बघा. आम्ही तपोवनापर्यंत जाऊन, रडून, धावून परत आलो होतो, आणि हिला आपण मागे राहिलोय हेच माहीत नव्हतं! मी तिला मिठीच मारली. चहा माझ्या ओढणीवर सांडला. दुकानदार म्हणाला, "ताई, हलवू नका, अक्षर वाकडं होईल."

तांब्यावर आईचं नाव होतं. नुसतं तिचं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ते आहेर देणाऱ्याचं, किंवा घराच्या मालकाचं. आमच्या घरी वाटीपासून घंगाळापर्यंत सगळं बाबांच्या, आजोबांच्या, नाहीतर मामाच्या नावाचं. दुकानदार मास्तरांना कौतुकाने सांगायला लागला. "मी विचारलं, कोणाकडून म्हणून घालू? तर म्हणाल्या, कोणाकडून म्हणजे काय, माझ्याकडून मला."

"मग काय तर," आई म्हणाली. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाची भांडी घासली. म्हटलं, एक आपल्या नावाचं घासू."

मी हसले, आणि मला भयंकर लाज वाटली. माळ्यावर हंडे पडलेत म्हणाले होते मी तिला.

मास्तरांनी तोवर दम घेतला होता. त्या आईसमोर उभ्या राहिल्या आणि सरळ सांगितलं, "ताई, गाडी तुमाला सोडून गेली व्हती. तपोवनापर्यंत."

"अगं बाई! मला सोडून?" आईला आधी हसू आलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तुला कळलं नाही का गं, मी नाही ते?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, देव जाणे. तेवढ्यात मास्तर म्हणाल्या, "तिला काय विचारता? मी तिला विचारलंच नाय. मोजनी चुकली माझी."

बटाटेवड्यांचं खरं सांगणारी ही बाई. सोसायटीच्या चेअरमनला न जुमानणारी. ती माझ्या आईच्या डोळ्याला डोळा देऊन धडधडीत खोटं बोलली. आणि मी? मी गप्प बसले. आईने "जाऊ द्या हो मास्तर, माणसाकडून होतं," म्हटलं, तरी मी गप्पच.

आम्ही तपोवनात गाडीपाशी परत आलो तेव्हा लोक कुरकुरत होते. साडू निघून गेला होता. मास्तर दारात चढल्या, सगळ्यांकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "मंडळी, आज माझ्याकडून एक पॅसेंजर मागं राह्यला. तुमचा येळ गेला. माफी असावी." ड्रायव्हरने टोपी काढून डोकं खाजवलं. "होतं मास्तर," तो म्हणाला.

"तुझ्याकडनं होतं. माझ्याकडनं झालं नव्हतं."

पुढे सोमेश्वरपर्यंत त्यांनी काहीच माहिती दिली नाही. कुठला नाका आला, कोण कुठे काय विसरतो, काही नाही. दोरी हातात धरून उभ्या. सगळी गाडी ओशाळल्यासारखी बसली होती. सोमेश्वरला पोचल्यावर मात्र आईच उठली आणि तिने दोरी मास्तरांच्या हातातून काढून घेतली.

"इथली बेल मी देणार. तुम्ही उतरा, धबधबा बघून या."

"मी? मी हितं फक्त गाडी वळवलीय आजपर्यंत."

"म्हणून तर. जा. मी आहे गाडीपाशी."

मास्तर गेल्या. मी लांबून बघत होते. त्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या, सवयीने आधी उलट्या, लोकांकडे तोंड करून. मग हळूहळू वळल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. आईने अर्धा तास होऊन गेला तरी बेल दिली नाही, आणि ड्रायव्हर म्हणाला, "ताई, तुमी असता तर आमी सुरगान्याला दुसऱ्या दिवशी पोचलो असतो."

त्यानंतर वर्षभर मी मास्तरांशी त्याबद्दल एक अक्षर बोलू शकले नाही. त्या विषय काढायच्या नाहीत. दोरी वाजायची, मी जिना उतरायची, त्या डब्यात चटणी घालून द्यायच्या. पण एक बदल झाला होता. भाजीवाली असो की सोसायटीतली नवीन सून, "बावीस वर्षांत एक मानूस मागं सोडला नाय" हे वाक्य आता त्या तसं म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "एकच राह्यलं. रिटायर झाल्यावर. मोजनी चुकली." पदराला हात जायचा नाही. ऐकणारा म्हणायचा, "हात्तिच्या, एकच ना!" मी तिथे असले तर काहीतरी काम काढून वर जायची. वाटायचं, आपण ह्यांच्या घरात राहतो, ह्यांची चटणी खातो, आणि ह्यांची एकुलती एक मिरवायची गोष्ट आपण नेली. एकदा बोलायला खाली गेलेसुद्धा. त्या शेंगा सोलत होत्या. मी पण सोलू लागले आणि शेंगा संपल्या तशी वर आले.

पुढच्या दिवाळीला आई परत आली. "नाशिक अजून बघायचं राहिलंय माझं," असं तिने बाबांना सांगितलं, आणि बाबांनी पहिल्यांदा कुलपाचं काही काढलं नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तोच ड्रायव्हर, माणसं मात्र या वेळी सोळा. आई मागच्या सीटवर, पलीकडे जळगावच्या मावशी, त्याही परत आलेल्या. मी पुढे खिडकीपाशी. मास्तर दारात उभ्या राहिल्या आणि निघायच्या आधीचे नियम सांगायला लागल्या. वेळेत यायचं, पाण्यात उतरायचं नाही, आयत्या वेळी साडू घ्यायचा नाही.

"आन् मोजनीच्या वक्ताला सगळ्यांनी जाग्यावर बसायचं. आजपातूर माझ्या हातनं एकच मानूस मागं राह्यलं. त्या काय, मागं बसल्यात." सगळ्यांनी वळून आईकडे पाहिलं, आई हसली. "चूक माझी व्हती. मोजनी चुकली."

मला काय झालं माहीत नाही. मी उभी राहिले.

"मोजणी चुकली नव्हती," मी म्हणाले. आवाज फार मोठा निघाला. "मास्तरांनी मला विचारलं होतं, आई बसली का. मी मागे न बघता हो म्हटलं. मोबाइल बघत होते. चूक माझी होती. वर्षभर त्या माझ्यासाठी खोटं बोलतायत."

 ड्रायव्हर आरशातून बघत होता. मला वाटलं मास्तर चिडतील, नाहीतर रडतील, काहीतरी करतील. त्यांनी फक्त भुवया उचलल्या.

"झालं बोलून?"

"हो. पण मास्तर, चूक..."

"बेल कोनी दिली?"

"तुम्ही."

"मंग? जो बेल देतो, गाडी त्याची आसती. पॅसेंजरनं सांगितलं म्हनून बेल देत नसत्यात. आपल्या डोळ्यानं बगायचं, मंगच दोरी वढायची. मी बगितलं नाय. तू पॅसेंजर हायेस, पॅसेंजरवानी ऱ्हा. आन् हितं हुबी राहू नको, मागं जाऊन बस."

मी मागे गेले. आईने शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मला त्या दिवशीच कळलं होतं," ती हळूच म्हणाली. "मान खाली घालून 'हो' म्हणतेस ना, ते मी फोनवर रोजच ऐकते."

 मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही.

पुढून मास्तरांचा आवाज आला, "काय गं, मागं बसले का सगळे?"

मी उठले. एकेक सीट बघितली. जळगावच्या मावशींच्या खांद्याला हात लावला, आईच्या खांद्याला हात लावला, आणि मग ओरडले, "बसले, मास्तर!"

तरीसुद्धा त्या स्वतः मागपर्यंत येऊन बघून गेल्या.